चार बोटं

“सरळ उभ्या राहा, ताई,” मिस्त्री म्हणाला.

“सरळच उभी आहे की,” ती म्हणाली.

मिस्त्रीनं आधी हातातल्या टेपकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कानावरची चपटी पेन्सिल उगाचच काढून पुन्हा कानावर खोचली. “नाही आहात,” तो म्हणाला. भिंत ओळंब्यात नाही हे घरमालकाला सांगताना आवाज लावावा लागत असेल, तसा आवाज. दोष कुणाचा नाही, पण आहे हे असं आहे. त्याची मापं घ्यायची रीत साधी होती. ओट्याशी ज्या माणसाला राबायचंय त्यानं कामाला उभं राहिल्यासारखं उभं राहायचं, कोपरात हात दुमडायचा. जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावायची आणि त्यातून एक मूठ, अंगठा वर ताणलेली, वजा करायची. उरेल ती ओट्याची उंची. “पुस्तकात वेगळं लिहितात,” तो मघाशी म्हणाला होता, “पण पुस्तकाला कुठं कांदे चिरायचे असतात.” तिला ते आवडलं होतं. तिनं हौसेनं हात दुमडला होता, समोर कांदा-सुरी असल्यासारखी बोटंसुद्धा आवळली होती. आणि माप आलं होतं ते जुन्या ओट्याचंच. एका दोऱ्याचाही फरक नाही.

“आहे तेवढीच उंची येतेय,” मिस्त्री म्हणाला. “मग तोडता कशाला?”

“पाठीसाठी.” डॉक्टरनं तिला एक्स-रेत तिचाच कणा दाखवला होता, मानेखाली वाऱ्यानं कलावं तसा कललेला, आणि विचारलं होतं, शिवणकाम करता का? नाही म्हटल्यावर तो म्हणाला होता, मग ओटा बघा घरातला.

“पाठीसाठी तोडताय आणि माप द्यायला वाकून उभ्या राहताय. असं माप मी घेतलं तर उद्या नाव माझं खराब.” त्यानं टेप सोडली, ती सर्रकन डबीत गेली. “जुना काढायला दुपार होईल. खालच्या भिंती मी जेवल्यावर घेणार. तोवर ठरवा. दगड एकदा बसला की बसला. मग तो तुमचं ऐकत नाही आणि माझंही.”

बाहेरच्या खोलीत ती खुर्चीत बसली. तोंडाला ओढणी बांधली होती. दाराला ओला पडदा लावला होता, तरी धूळ यायची ती येतच होती. पहिला घाव बसला तेव्हा तिच्या दातांत काहीतरी हललं. नवरा शेजारी वर्तमानपत्र धरून बसला होता. त्याच्यावर बसलेली धूळ तो मधून मधून बातमी झटकल्यासारखी झटकत होता. सरळच उभी आहे की. किती खात्रीनं म्हणाली ती. एखाद्यानं नाव विचारावं आणि आपण ते सांगावं, आणि त्यानं म्हणावं की हे तुमचं नाव नाही, तसं काहीसं झालं होतं. एसटीच्या आगारातल्या चौकशीच्या खिडकीत तिला तीस वर्षं झाली होती. काचेला तळहाताएवढं गोल भोक होतं आणि ते कुणी अशा उंचीवर पाडलं होतं की लहान मूल सोडलं तर जगातल्या प्रत्येक माणसाला त्यात तोंड घालायला वाकावं लागे. दिवसभर माणसं तिच्यापुढे वाकत. साहेबासारखी माणसं, पैलवानासारखी माणसं, ‘गाडी कितीला आहे हो’ म्हणत कमरेत दुमडत. संध्याकाळी घरी येऊन ती ओट्यापुढे वाके. दिवसाचा हिशेब चुकता झाला, असं ती बहिणीला फोनवर सांगे आणि दोघी हसत.

बहिणीला ती पुष्कळ सांगे. ‘सासूच्या मापाचा ओटा, आणि माझी पाठ’ हे वाक्य तिनं इतक्या वेळा, इतक्या जणींना ऐकवलं होतं की हात लागून लागून ते जुन्या ओट्याच्या कडेसारखं गुळगुळीत झालं होतं. सासूबाई चणीनं लहान. इतक्या लहान की गर्दीत हरवल्या तर माणसांच्या कमरांपाशी शोधाव्या लागाव्यात. सासऱ्यांनी घर घेतलं तेव्हा ओटा त्यांच्या मापानं बांधून दिला. हौसेनं, एकुलती एक हौस. आणि त्याच घरात सून आली ती ही, शिडी. शाळेत तिला सगळे शिडीच म्हणत. घरीही म्हणत, पण मायेनं आणि माळ्यावरचा डबा हवा असेल तेव्हा. नवऱ्याहून ती चार बोटं उंच. ‘चालेल,’ तो तेव्हा म्हणाला होता, ‘बल्ब बदलायला बरं पडेल.’ सगळे हसले. तीही हसली, आणि हसताना तिनं गुडघे जरासे मोडले. लग्नाचा फोटो जिन्यावर काढला, ती एक पायरी खाली. फोटोवाल्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. तीच आपणहून उतरली होती.

आत दुसरा मोठा घाव बसला. दगडाचा तुकडा जमिनीवर आपटल्याचा बोजड आवाज आला. फोटोचं कशाला आठवलं, असं तिच्या मनात आलं. फोटो काढला तेव्हा ओटा तिनं पाहिलासुद्धा नव्हता. हे तिच्या इतक्या वर्षांत कधी ध्यानात आलं नव्हतं. त्याच्याही आधी आई. चौदाव्या वर्षी ती एका उन्हाळ्यात अशी वाढली की फ्रॉक गुडघ्यांवर चढले, आणि आई घराच्या दारात, दुकानाच्या रांगेत, पाहुण्यांसमोर हळूच तिच्या पाठीवर दोन बोटं दाबायची. बोलायची काही नाही. दोन बोटं. त्याचा अर्थ, वाक जरा. एकदा तिनं विचारलं होतं, का म्हणून? आई म्हणाली, फळं धरलेलं झाड वाकतं. ती म्हणाली, मला कुठं धरलीयत फळं? तर आई म्हणाली, वाकल्याशिवाय धरतील कशी. आईशी बोलण्यात कुणी जिंकलं नव्हतं. पण ती दोन बोटं मानेखाली नेमकी ज्या जागी पडत, तिथंच तर डॉक्टरनं एक्स-रेवर पेन टेकवलं होतं. मग ओट्याकडे काय राहिलं? ती खुर्चीत अस्वस्थ होऊन बसली. पोसलेला राग असा एकाएकी बिनपत्त्याचा झाला की माणसाला आधी बरं वाटत नाही, चोरी झाल्यासारखंच वाटतं.

“ताई, जरा आत येता का?”

मिस्त्री उकिडवा बसला होता. अर्धा ओटा निघाला होता. काळा दगड दोन तुकड्यांत भिंतीला टेकवून ठेवलेला, आणि तो जिथं होता तिथं विटांच्या भिंतींची बोडकी डोकी. स्वयंपाकघर दात काढलेल्या तोंडासारखं दिसत होतं. मिस्त्रीनं एका भिंतीच्या माथ्यावरची धूळ फडक्यानं पुसली. “हे बघा. खालच्या विटा एक. वरचा हा थर वेगळा. माल वेगळा, वाळू वेगळी, विटाही नंतरच्या. आणि दगडाच्या पाठीला सिमेंट दोनदा लागलंय.” तो वर बघत म्हणाला, “हा ओटा एकदा काढून, उचलून पुन्हा बसवलाय.”

“छे. मी आल्यापासून असाच आहे.”

“तुम्ही आल्यानंतर असेल. दगड खोटं बोलत नाही ताई. खोटं बोलायला माणसं आहेत.” त्यानं हात आडवा करून विटांच्या त्या थराला लावला. “चार बोटं उचललाय.”

दारात नवरा उभा होता. वर्तमानपत्र हातातच. “हो,” तो म्हणाला, “आईनं उचलून घेतला होता ना. तुझ्यासाठी. तू तुझ्या आईच्या ऑपरेशनला गेली होतीस तेव्हा.”

तिनं तोंडावरची ओढणी खाली ओढली.

“तुला माहीत नव्हतं?” तो म्हणाला.

“कुणी सांगितलं मला?”

“सांगायचं काय त्यात. ओटा तो. समोरच होता.” मग वर्तमानपत्राची घडी घालत, “मला वाटलं आईनं सांगितलं असेल. आईला वाटलं असेल तुला कळलं असेल.”

मिस्त्रीनं छिन्नी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. दुसऱ्याच्या घरात दगड फोडण्याची सवय असलेल्या माणसाला कधी ठोकू नये तेही कळतं. “मी पाणी पिऊन येतो,” म्हणून तो बाहेर गेला.

आईच्या झिजलेल्या खुब्याचं ऑपरेशन झालं ते लग्नानंतरचं तिसरं वर्ष. अडीच महिने ती आईकडे राहिली होती. आईला उठवणं, बसवणं, काठीवर चालायला शिकवणं. आणि खाटेवर पडल्या पडल्यासुद्धा, ती औषध द्यायला वाकली की आई समाधानानं बघायची. परत आली तेव्हा घर परकं वाटत होतं. भांडी वेगळ्या जागी, पडदा धुतलेला, भिंतीला ओलसर वास. तो वास सिमेंटचा होता तर. तिला वाटलं होतं नळ गळतोय. आणि सासूबाई ओट्याशी पाटावर उभ्या. त्याच्याआधी त्या पाटावर कधी उभ्या राहत नसत. तिनं विचारलंही होतं, पाट कशाला? त्या म्हणाल्या होत्या, फरशी गार लागते. भर उन्हाळ्यातही गारच लागे ती फरशी. पुढे सतरा वर्षं लागत होती. सासूबाईंचं सिंहासन, असं तिनं बहिणीला सांगितलं होतं, आणि दोघी किती हसल्या होत्या.

त्या संध्याकाळचं बोलणं मात्र तिला आत्ता, त्या उघड्या विटांसमोर, शब्दाला शब्द लावून आठवलं. सासूबाई मुळात बोलण्यात काटकसरी. गोड बोलायचं तर त्यांना कुणीतरी उसनं द्यावं लागे. ती दुधी चिरत होती. त्या पाटावरून, तिच्याकडे न बघता म्हणाल्या होत्या, “आता बरं आहे ना?”

ती म्हणाली, “पुष्कळच बरं आहे.” काठीवर चालणारी आई तिच्या डोळ्यांसमोर होती.

“त्रास होत नाही ना?”

“नाही. पण हे आधीच करायला हवं होतं. उगाच एवढी वर्षं अंगावर काढलं.”

दुधी चिरून झाला. मग सासूबाई म्हणाल्या होत्या, “सुचलं नाही.”

आणि तिला वाटलं होतं, माझ्या आईचं ऑपरेशन यांना सुचण्याचा काय संबंध, वयानं ऐकू कमी येत असावं. त्यानंतर दोन दिवस सासूबाई तिच्याशी बोलल्या नव्हत्या. तेही तिनं बहिणीला सांगितलं होतं. आईकडे अडीच महिने राहिले ना, ते डाचतंय, असं. सगळं एकाला एक जुळत होतं. वाक्य न वाक्य बरोबर बसत होतं, फक्त एकीच्या वाक्यात खुबा होता आणि दुसरीच्या वाक्यात ओटा. कुणी एकीनं त्या बोलण्यात एकदा तरी नाव घेतलं असतं तर. आपल्या भाषेत नाव न घेता किती बोलता येतं. ‘ते झालं का?’, ‘झालं.’ ‘त्याचं काय?’, ‘बघू.’ घरंच्या घरं अशी चालतात. खिडकीत बसून ती दिवसभर लोकांना शिकवत असे, कुठली गाडी ते आधी सांगा, नुसतं ‘येईल का’ काय विचारता.

ती खाली बसली. नळाखालच्या कोपऱ्यात साबणाचे डबे ठेवायला तो पाट अजून होता. सासूबाईंना जाऊन पाच वर्षं झाली होती आणि पाटावर दोन पायांच्या जागा फिक्या, घासलेल्या दिसत होत्या, लहान मुलीच्या पायांएवढ्या. तिनं डबे काढले, पाट पुसला आणि विटांच्या त्या वरच्या थराशेजारी आडवा धरला. पाटाची उंची आणि थराची उंची एकच. म्हणजे घरात चार बोटांचा पाट होता, म्हणून ओटा चार बोटं उचलला. जेवढं आपल्याला चढता येईल तेवढंच दुसरीसाठी वर करायचं. साधं होतं. आणि ते करूनही ती वाकतच राहिली, कारण वाकायला तिला ओट्यानं शिकवलंच नव्हतं. सतरा वर्षं दोन बायका त्या ओट्याशी शेजारी शेजारी उभ्या होत्या, एक पाटावर चढून, एक पाठ मोडून. तो दोघींपैकी कुणाच्याच मापाचा नव्हता.

मिस्त्री आत आला तेव्हा ती जमिनीवरच बसलेली होती. “काय ठरलं?” त्यानं विचारलं. “किती धरू?”

“आहे तेवढाच ठेवा,” ती म्हणाली. म्हणजे तिच्या तोंडातून ते आलं.

“का?”

एका बाईनं माझ्यासाठी उंच केला आणि मला दिसला नाही, म्हणून आता दिसू दे, असं मिस्त्रीला सांगतात का.

“ताई, थर तोडला तर तुम्हाला वाईट वाटणार, दिसतंय मला,” मिस्त्री म्हणाला. “मी तो तोडत नाही. पक्का आहे. त्याच्यावरच पुढचं बांधतो. पण ज्यांनी एवढं केलं त्यांना थांबायचं नव्हतं इथं. मालाला गडबड दिसते, बाईमाणसानं घाईनं करून घेतलंय, कुणी यायच्या आत. पुढचं करायचं राहिलं असेल. उभ्या राहा.”

“राहते. पण पुन्हा तेच येणार माप.”

“भिंतीला या. टाच लावा. पाठ लावा. आता डोकं.”

टाच लागली. पाठ लागायला वेळ लागला. डोकं काही लागेना. भिंत आणि डोकं यांच्यामध्ये एक जागा होती आणि त्या जागेत कुणाची तरी दोन बोटं होती, अशी तिला खात्री वाटली. तिनं श्वास घेतला. ते दुखलं. सवय नसलेल्या बुटासारखं, पण दुखणं आपल्याच अंगाचं होतं. डोकं भिंतीला टेकलं. वरून तिला मिस्त्रीच्या टाळूवरचं टक्कल दिसलं, फ्रिजच्या माथ्यावरची कधीच न पुसलेली धूळ दिसली, दारात उभ्या नवऱ्याचा भांग दिसला. घर थोडं खाली गेल्यासारखं वाटलं. तिनं कोपर दुमडलं. टेप थंड लागली.

“हं,” मिस्त्री म्हणाला. “आता बोलला हात.” त्यानं मूठ वजा केली, विटांवर पेन्सिलीनं रेघ मारली. “अजून चार बोटं. बरोबर चार.” आणि नवऱ्याकडे वळून, “साहेब, तुम्हाला जरा उंच होईल हां.”

“मला काय,” नवरा म्हणाला, “मी चहापुरता.”

नवा दगड तिसऱ्या दिवशी दोन हमालांनी आणि मिस्त्रीनं आणून बसवला. करडा, त्यात बारीक पांढरे ठिपके. मिस्त्रीनं त्यावर पातळी ठेवली. काचेतला बुडबुडा मध्यावर येऊन थांबला तेव्हा तो एवढं बोलला, “झालं.” पुढचे आठ दिवस ती त्या ओट्याशी पाहुण्यासारखी वागली. सवयीनं वाकायची आणि हनुवटी जवळजवळ चिरलेल्या कांद्यात जायची. मग डोळ्यांत पाणी, मग हसू, मग सरळ. सरळ राहूनही पाठ दुखतच होती, दुसऱ्या जागी. डॉक्टर म्हणाला, दुखेल, इतक्या वर्षांचं आहे, दोन आठवड्यांत कसं जाईल. बहिणीचा फोन आला. ओटा कसा झाला म्हणून तिनं विचारलं आणि ती नेहमीचं वाक्य म्हणायला गेली तर ते वाक्य तोंडात असे तिथं नव्हतंच. “उंच झाला,” ती म्हणाली. बहीण म्हणाली, “सुटलीस एकदाची त्या सासूच्या ओट्यातून.” ती म्हणाली, “थांब, तुला एक सांगायचंय,” आणि सांगायला बसली. ते सांगायला अर्धा तास लागला. शेवटी बहीण म्हणाली, “सिंहासन म्हणायचो गं आपण.”

त्यानंतरच्या एका संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा नवरा स्वयंपाकघरात होता. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळचा चहा त्याच्याकडे असे. तो पाठमोरा होता आणि काहीतरी वेगळं दिसत होतं, काय ते तिला एकदम कळेना. मग कळलं. तो पाटावर उभा होता. नळाखालचे साबणाचे डबे एका बाजूला नीट लावून ठेवले होते.

“बरं पडतंय ना?” तिनं विचारलं.

“मस्त झालाय,” तो म्हणाला. “आलं घातलंय आज.”

ती दाराशी थांबली. पिशवी खांद्यावरच होती. हो म्हणून निघून जाणं सोपं होतं. कपडे बदलायचे होते, आलं घातलेला चहा खरंच चांगला होणार होता, आणि पुढे सतरा वर्षं फरशी गार लागली असती.

“चहा नाही,” ती म्हणाली. “ओटा. ओट्याचं विचारतेय मी. ओटा तुम्हाला उंच होतो का?”

तो वळला. पाटावर असल्यामुळे त्याचे डोळे बरोबर तिच्या डोळ्यांसमोर आले. ती जिन्याची पायरी उतरली नव्हती, गुडघे मोडले नव्हते, तरी समोर. त्यानं ओट्याकडे पाहिलं, पायाखालच्या पाटाकडे पाहिलं. ‘नाही, नाही, ठीक आहे’ हे त्याच्या ओठांपर्यंत आलेलं तिला दिसलं. तिनं पिशवी खाली ठेवली.

“होतो,” तो म्हणाला.

“किती?”

त्यानं चमचा खाली ठेवला, आणि दगडाच्या कडेला हात आडवा लावून दाखवला.

“चार बोटं.”